भोगावतीकाठून आर्नोकाठी

परदेश पाहून आलेल्या माणसाला आमच्या राधानगरीत पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. जेवणाचं काय केलंस? आणि थंडी कितपत होती? तिथली राज्यपद्धती, इमारती, संग्रहालये हे विषय नंतर, सवड मिळाली तर. आधी माणूस तिथे जगला कसा, हे ऐकायचे असते. मला हे दोन्ही प्रश्न फार मोलाचे वाटतात. प्रवासवर्णनाचा पाया नेमका तिथेच आहे. परक्या देशातल्या माणसांचा दिवस उजाडतो कसा, ती खातात काय, रांगेत कशी उभी राहतात, कशावर हसतात आणि कशावर चिडतात, हे कळले की देश कळायला सुरुवात होते. हे पुस्तक अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून तयार झाले आहे. इंग्लंड आणि इटली या दोन देशांत हिंडताना जे गमतीचे, नवलाचे, आनंदाचे वाटले, ते यात आहे.

हेच दोन देश का, याचे कारण कोल्हापूरच्या इतिहासात आहे, आणि प्रस्तावनेत सांगायला हवे ते मुख्यतः तेच.

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवरचे दोन छत्रपती बत्तीस वर्षांच्या अंतराने विलायतेला गेले. पहिले राजाराम महाराज, १८७० मध्ये. दुसरे राजर्षी शाहू महाराज, १९०२ मध्ये. पहिले परत आले नाहीत. दुसरे परत आले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांत संस्थानाचा चेहरामोहरा बदलला. या दोन प्रवासांकडे आपण बहुधा एक शोककथा आणि एक गौरवकथा म्हणून पाहतो. मला त्यांत आणखी एक धागा दिसतो. दोघेही तरुण होते, दोघांनाही पाहण्याची हौस होती, आणि दोघेही परका देश मोकळ्या, प्रसन्न मनाने पाहू शकत होते.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा. गादीवर आले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि इंग्लंडला निघाले तेव्हा विशीचे. हिंदू राजाने समुद्र ओलांडणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. धर्म बुडेल, जात जाईल, अशी धास्ती घरोघर होती. तरीही ते निघाले, आणि मुख्य म्हणजे प्रवासात रोजनिशी लिहीत राहिले. ती त्यांनी इंग्रजीत लिहिली. त्यांच्यासोबत असलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ मध्ये ती लंडनला छापून निघाली. पार्लमेंट, राणी व्हिक्टोरियाची भेट, नाटके, मेजवान्या, संस्था आणि त्यांचे कामकाज, असा त्या मुलाचा उन्हाळा भरगच्च गेला. मी ‘मुलगा’ म्हणतो ते आदर सोडून नव्हे. विशीतल्या माणसाचे कुतूहल त्या नोंदींत आहे म्हणून म्हणतो. त्यांत मोठे सिद्धान्त नाहीत. आज कुठे गेलो, कोण भेटले, काय आवडले, एवढेच आहे. पण एका मराठी राजाने परक्या देशाविषयी रोजच्या रोज लिहिलेले इतके जुने लेखन हाताला लागणे हीच मोठी गोष्ट आहे. पाहणाऱ्याने लिहिले नसते तर आपल्याला त्यांच्याविषयी फक्त दरबारी कागद सांगत राहिले असते.

परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स शहरात त्यांचे निधन झाले. हिंदू पद्धतीने दहन करायचे, तेही नद्यांच्या संगमावर, ही गोष्ट त्या शहराला सर्वस्वी नवी होती. फ्लॉरेन्सकरांनी ती होऊ दिली. शहराच्या पश्चिमेला कॅशिने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. त्याच्या टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. तिथे महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँट यांनी रेखला. फ्लॉरेन्सचे लोक त्या स्मारकाला ‘इंडियानो’ म्हणतात. जवळच आर्नोवर गेल्या शतकात बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळाले. रोज हजारो गाड्या कोल्हापूरच्या राजाच्या आठवणीवरून ये-जा करतात.

आम्हा भोगावतीकाठच्या माणसांना संगमाचे महत्त्व कुणी समजावून द्यावे लागत नाही. राधानगरीहून निघालेली भोगावती चिखलीच्या प्रयागावर इतर नद्यांना भेटते आणि पंचगंगा होते. भोगावतीकाठी वाढलेल्या माणसाने मुन्योने आणि आर्नोचा संगम पाहिला की दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी परमुलखात नेमकी हीच जागा का शोधली, ते क्षणात उमगते. मी तिथे गेलो तेव्हा उद्यानात माणसे धावत होती, सायकली फिरत होत्या, म्हातारे कुत्र्यांना घेऊन हिंडत होते. त्यांतल्या एका गृहस्थांना मी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीने सांगितले, हे आमच्या गावचे राजे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी आनंदाने सांगत राहिले. त्यातला एकही शब्द मला कळला नाही, पण भावार्थ चुकण्यासारखा नव्हता. या पुस्तकातले इटलीचे प्रकरण त्या भेटीमुळे इतके मोठे झाले आहे.

आता दुसरा प्रवास. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हायचा होता. योगायोग असा की तो शाहू महाराजांचा वाढदिवस, अठ्ठावीस वर्षे पूर्ण होण्याचा. पण दोनच दिवस आधी राजा आजारी असल्याचे जाहीर झाले, शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. साऱ्या जगातून जमलेल्या पाहुण्यांना हाताशी मोकळे दिवस मिळाले. याच मुक्कामात केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना एलएल. डी. ही पदवी दिली. आणि याच मुक्कामात, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूरच्या सरकारी गॅझेटमध्ये तो जाहीरनामा छापून आला: संस्थानाच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात. राजा विलायतेत, आणि त्याच्या राज्यातली सर्वांत मोठी उलथापालथ घरी चालू. लंडनची रोषणाई पाहणारे मन करवीरातल्या कचेऱ्या विसरले नव्हते, याला याहून मोठा पुरावा नको.

महाराज मोठ्या हौसेचे गृहस्थ होते. कुस्ती, शिकार, घोडे, हत्ती, नाटक, संगीत, सगळ्याची आवड. रोमचे कलोझियम पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९१२ मध्ये खुले झालेले ते मैदान आजही जो पाहील त्याला ही गोष्ट पटते. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेला उतार, आणि कुठूनही पाहिले तरी दोन्ही मल्ल दिसतात. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. परदेशात पाहिलेली करमणूक आपल्या माणसांना आपल्या पद्धतीने मिळावी, ही इच्छा या दोन वास्तूंमागे मला स्पष्ट दिसते. महाराजांनी युरोपची नक्कल केली नाही. कलोझियममध्ये माणसे मरत होती. खासबागेत पैलवान एकमेकांना चीत करतात आणि उठून हात मिळवतात.

आणि राधानगरी? आमचे गाव महाराजांनीच वसवले आणि त्याला आपल्या कन्येचे, राधाबाई आक्कासाहेबांचे, नाव दिले. भोगावतीवरच्या धरणाच्या जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे. विलायतेतली धरणे पाहून महाराजांना राधानगरीचे धरण सुचले, असे सरसकट म्हटले जाते. ऐकायला गोड असले तरी मला ते अपुरे वाटते. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ त्यांनी गादीवर आल्यानंतरच्या पहिल्या सहा वर्षांत पाहिले होते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तोच कोकणात किंवा खाली नद्यांतून वाहून जातो, आणि पूर्वेकडची गावे पाण्यावाचून तळमळतात, हे त्यांना विलायतेत जाऊन कळायचे नव्हते. विलायतेने दिला असेल तर धीर दिला. मोठी कामे माणसेच करतात आणि ती होऊ शकतात, हा विश्वास दिला. प्रश्न घरून नेलेला होता, म्हणून बाहेर पाहिलेले उपयोगी पडले. धरण त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पुढच्या पिढ्यांनी ते पुरे केले. आज त्याची साठवण सुमारे ८.३६ टीएमसी आहे. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात आणि पावसाळ्यात त्यांची बातमी सांगली-कोल्हापूरकर श्वास रोखून ऐकतात.

परदेशवर्णनाला आणखी एक बाजू असते. आपण जसे बाहेर जाऊन पाहतो, तसे बाहेरचा माणूसही आपल्याकडे येऊन पाहतो. आमच्या गावाला जिचे नाव आहे, तीच राजकन्या अशा एका जगप्रसिद्ध परकीय पाहुण्याच्या गोष्टीत येते, हे राधानगरीतही फार थोड्यांना ठाऊक आहे. राधाबाई आक्कासाहेबांचे लग्न १९०८ मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याशी झाले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्या देवासला प्रथम १९१२ च्या अखेरीस गेला. १९२१ मध्ये तो पुन्हा आला आणि काही महिने महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला. तिथून घरी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक त्याने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने काढले. दरबारातले गोंधळ, मेजवान्या, गोकुळाष्टमीचा अनेक दिवस चाललेला उत्सव, हे सगळे त्याने विलक्षण मौजेने टिपले आहे. महाराजांवर त्याचा जीव होता, म्हणून त्याच्या हसण्यात तुच्छता नाही.

तरी त्या पुस्तकातून मी एक धडा घेतला. फॉर्स्टर महाराजांचा मित्र होता. आक्कासाहेब पुढे संसार मोडून कोल्हापुरास परत आल्या, त्या दुःखाची त्यांची बाजू त्याच्या हाती लागणे शक्यच नव्हते. पाहुण्याला दिवाणखाना दिसतो, माजघर दिसत नाही. परदेशाविषयी हसत लिहिणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवावे. आपण ज्यावर हसतो त्यामागे कुणाचे तरी रोजचे जगणे आहे, आणि त्यातले फार थोडे आपल्याला दाखवले गेले आहे. या पुस्तकात मी माणसांच्या सवयींवर मोकळेपणी हसलो आहे, पण त्यांच्या घरांविषयी, नात्यांविषयी, श्रद्धांविषयी निकाल देण्याचे टाळले आहे.

मराठीत अशा लेखनाची परंपरा मोठी आणि देखणी आहे. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चे. पुढे १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर लिहिले आणि प्रवासवर्णन समाजाचा अभ्यासही होऊ शकते हे दाखवून दिले. १९६० मध्ये पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ आली आणि मराठी वाचकाला लंडन-पॅरिस हसतखेळत घरबसल्या भेटले. त्यातली हास्यचित्रे शि. द. फडणीस यांची. ते आमच्याच सीमाभागातल्या भोज गावचे. कोल्हापूरचे रमेश मंत्री जगभर हिंडले आणि विनोदी अंगाने लिहीत राहिले. १९९२ मध्ये कोल्हापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’पासून पुढे एकेक देश मराठीत आणला, तोही एकटीने हिंडणाऱ्या बाईच्या नजरेने. या साऱ्यांनी एक गोष्ट पक्की केली: परदेशाचे वर्णन करताना मराठी माणसाने भारावून जाण्याची गरज नाही आणि नाक मुरडण्याचीही नाही. प्रवासवर्णन बिघडते ते या दोन टोकांनी. एकाला तिथले सारे सोन्याचे दिसते, दुसऱ्याला आपल्याकडची भाकरी नाही म्हणून सारे बेचव लागते. दोघेही देश पाहतच नाहीत.

पुढच्या पानांत काय आहे, तेही थोडक्यात सांगतो. लंडनचा पाऊस आहे. तिथले लोक दिवसभर पावसाविषयी बोलतात, ओळख झाली की आधी आभाळाची चौकशी करतात. वर्षाकाठी तिथे जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. दाजीपूरच्या जंगलात आषाढातल्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा कोसळतो आणि आम्ही त्याविषयी एक अक्षर न काढता चिखलणीला जातो. पण लंडनकरांच्या त्या गप्पांत अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करण्याची केवढी सोय आहे, हे तिथे राहिल्यावर कळले. धक्का आपण द्यावा आणि माफी समोरच्याने मागावी, ही तिथली रीतही आहे. बसथांब्यावर दोनच माणसे असली तरी ती एकामागे एक उभी राहतात, हे पाहून वाटलेले कौतुक आहे.

इटलीचे प्रकरण जास्त मोकळे आहे, कारण तो देशच तसा आहे. तिथे माणसे मोठ्याने बोलतात, हातवारे करतात, रस्त्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारतात, पाहुण्याला अजून वाढू का म्हणून छळतात. कोल्हापूरकराला तिथे परके वाटणे अवघड आहे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने, दोन घोटांत संपवायची. दुधाची कापुचिनो सकाळीच प्यायची, जेवणानंतर मागितली तर वाढणारा काळजीने आपल्या पोटाकडे पाहतो. जेवणाबाबतचे असे कडक नियम मला फार आवडले. तांबडा रस्सा आधी की पांढरा, यावर तासभर वाद घालणाऱ्या गावांना ते परके नाहीत.

एक गोष्ट मात्र हसण्यापलीकडची आहे. फ्लॉरेन्समध्ये ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर आला. शहरातल्या भिंतींवर त्या पुराची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आजही आहेत, कितीतरी ठिकाणी डोक्याच्याही वर. त्या पुरात चिखलाने माखलेली पुस्तके आणि चित्रे वाचवायला देशोदेशींची तरुण मुले धावून गेली होती. २०१९ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला त्या पाट्यांसमोरून पटकन पुढे जाता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, हा आमचा पावसाळ्यातला रोजचा प्रश्न आहे. नदीकाठच्या माणसांची भीती आणि धीर सगळीकडे सारखाच, हे मला त्या शहराने शिकवले. आपल्या गावांतही अशा पुराच्या खुणा नीट जपल्या जाव्यात, असे तेव्हापासून मनापासून वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. परका देश आनंदाने पाहावा. आनंदाने पाहणाऱ्याला जास्त दिसते, कारण लोक त्याच्याशी मोकळेपणी वागतात. आणि पाहताना आपला प्रश्न खिशात असावा. राजाराम महाराजांकडे कुतूहल होते. शाहू महाराजांकडे कुतूहल होते आणि प्रश्नही होता. त्यातून खासबाग उभे राहिले, नाट्यगृह उभे राहिले, आणि धरण बांधण्याची उमेद वाढली. हौस आणि कर्तव्य यांचे वैर नसते, हे करवीरच्या इतिहासात दिसते तितक्या स्वच्छ रीतीने दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आज राधानगरी तालुक्यातल्या गावागावांतून मुले-मुली बाहेर जात आहेत. कुणी शिकायला, कुणी नोकरीला, कुणी जहाजावर, कुणी आखातात. फोटो ती रोज पाठवतात आणि ते पाहून घरच्यांचे समाधान होते. पण फोटोत जेवणाचे काय केले आणि थंडी कितपत होती, हे येत नाही. तिथल्या शेजारणीने पहिल्या दिवशी काय विचारले, बाजारात कुठल्या गोष्टीवर हसू आले, कोणत्या क्षणी आपले गाव आठवले आणि का, हे लिहिल्याशिवाय टिकत नाही. या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे: रोजनिशी ठेवा. चार ओळींची असली तरी चालेल, पण मराठीत ठेवा. गावाकडे आलात की ती घरच्यांना वाचून दाखवा आणि शाळेच्या वाचनालयात तिची एक प्रत द्या. विशीतल्या एका राजाने दीडशे वर्षांपूर्वी जे केले, ते करायला आज राजा असण्याची गरज नाही.